कार्ड टाकू नको

औंध,
१५ नोव्हेंबर १९९८

धन्या, जयभीम.

कुंडलच्या शाळंत तुज्या बाकावर बसणारा धोंडिराम बनसोडे अजून जिता हाय. चार वर्सांनी पत्र लिवतोय म्हंजे काय तरी अडलंय, ह्ये तू वळखलं आसशीलच. व्हय, अडलंय.

तू रेडिओ दुरुस्तीचं दुकान मोडून कॉम्प्युटर जोडायचं काम धरलंस असं कुंडलात कळलं. मला येक कॉम्प्युटर पायजे. हिशेबाचा न्हाई, खेळायचा. गाडी चालवायचा खेळ आसतो न्हवं, स्टेअरिंग लावून, त्यो. हस नको. आधी फुडचं वाच.

फौजेतनं आल्यावर मी जीप घेतली आन औंध-रहिमतपूर शिटं भरून न्यायचं वडाप सुरू केलं, ह्ये तुला ठाऊक हाय. गेल्या मार्चात वळणावर उसाचा डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर राँग साइडनं सरळ आंगावर आला. मी जीप शेतात घातली. माणसांचं नशीब म्हण, कुणाला काय झालं न्हाई. येका बाईच्या पाटीतल्या कोंबड्या उडाल्या तेवढंच. पोलीस बी म्हणला, फौजी, तुमी होता म्हणून वाचली समदी.

पर धन्या, त्या दिवसापासनं मी स्टेअरिंगवर बसलो की हात कापत्यात. लेहच्या रस्त्यावर फौजेचा ट्रक चालवलेला माणूस मी, येका बाजूला डोंगर आन येका बाजूला कायच न्हाई, तवा कवा हात हलला न्हाई. आन आता आंगणातनं जीप भाईर काढता येत न्हाई. घरात लीलाला सांगितलंय पाठ दुखती. गाडीवर केरबा डायवर ठेवलाय. खरं काय ते फकस्त तुला ठाऊक.

आमच्या जयंतीच्या मिरवणुकीत बाबासायबांचा फोटो माज्याच जीपवर आसतो आन जीप मीच चालवतो. आठ वर्सं झाली, फकस्त गेल्या सालाला पाठीचं सांगून केरबाला बसवलं. औंदा कमिटीची माणसं आताच विचारून गेली, दादा, पाठ बरी हुईल न्हवं? मी हो म्हणलो. चौदा एप्रिलला मी त्या शिटावर बसलो न्हाई, तर जीप इकून टाकणार. इस्लामपूरचं गिऱ्हाईक टपूनच हाय. आन जीप गेली तर मग मी कोण रं? पाठ दुखणारा म्हातारा.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ येका दुकानात पोरं पैसे टाकून त्यो गाडीचा खेळ खेळत हुती. मी बी बसलो. आन गड्या, हात कापला न्हाई! मग पोरं हसाय लागली तवा उठलो. घरात, दार लावून, असं रोज बसाय मिळालं तर माझा हात परत येईल, असं मला वाटतंय.

पेन्शनचा फरक आलाय. तीस हजारात बसव. त्येच्या वर येक रुपाया न्हाई. घरी सांगणार हाय की प्रियंकाच्या अभ्यासाला घेतोय. पोरगी बीएस्सीला हाय, पटंल.

ह्ये आंतरदेशीय चारी बाजूनं खळ लावून चिकटवलंय. तू बी जपून लिव.

तुजा
धोंडिराम

*

सांगली,
२४ नोव्हेंबर १९९८

धोंडिबा, जय जिनेंद्र.

हसलो नाही. शपथेवर सांगतो, हसलो नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं तरी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग आत जाऊन पाणी प्यालो. लेका, आठ महिने हे एकट्यानं गिळून बसलास? चार आण्याचं पत्र टाकायला काय झालं होतं तुला?

जीप विकायची नाही. हे माझं पहिलं सांगणं. बाकीचं आता दुकानदार म्हणून सांगतो, नीट वाच.

कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीसारखी एक वस्तू नसते. दहा जागचे भाग आणायचे आणि जोडायचे. तीस हजारात सगळंच उंची बसत नाही, कुठंतरी हात आखडावा लागतो. गिऱ्हाईकाचं काय चुकतं सांगू? सगळे प्रोसेसरच्या, म्हणजे इंजिनाच्या, मागं लागतात. पेंटियम पाहिजे, पेंटियम पाहिजे! शेजाऱ्याला सांगायला बरं पडतं. खेळाला तेवढ्याची गरज नसते. तुला सेलेरॉन घालतो, त्याच घरातला धाकटा भाऊ, काम चोख. रॅम मात्र बत्तीसच्या खाली नाही, तिथं कंजूषपणा केलास तर खेळ चालू व्हायलाच तुझी दाढी वाढेल. मॉनिटर चौदा इंची रंगीत. मोठ्याचा हट्ट धरू नको. आवाजाची पट्टी घालावीच लागते, आवाजासाठी नव्हे, स्टेअरिंगची वायर तिच्याच मागं खोचतात म्हणून. स्पीकर घेऊ नको, तुझ्या टेपरेकॉर्डरला जोडून देतो. काही जण पेटीचे पैसे वाचवायला सगळं टेबलावर उघड्यावरच पसरून चालवतात. तुझ्या घरात मांजर आहे का ते सांग, म्हणजे ठरवतो.

स्टेअरिंगला दोनच पायडल येतात, अॅक्सिलेटर आणि ब्रेक. क्लच नाही. डाव्या पायाची मांडी घालून बस.

आक्काताईला मी तुझं काही बोललो नाही. बहीण माझी असून माझ्यापेक्षा तुझीच आठवण जास्त काढते. शाळेत असताना तू जेवायला यायचास, तेच तिच्या डोळ्यापुढं आहे.

तुझा
धन्यकुमार

ता. क. कार्ड टाकू का नको? तेवढं लगेच कळव, त्यावर पुढचं ठरेल. बाकी सगळं माझ्यावर सोड.

*

औंध,
२ डिसेंबर १९९८

धन्या, जयभीम.

तुजं पत्र वाचून निम्मा आजार गेला. कुणाला तरी सांगितलं ह्येच लय झालं बघ.

क्लच न्हाई म्हंजे काय? डावा पाय काय करंल रं बिनकामाचा? बरं, ऱ्हाऊ दे. तू म्हणतोस त्येच खरं. इंजिन बारकं आसलं तरी चालंल, फौजेत बी भारी इंजिनाच्या गाड्या घाटात पैली तापायच्या. खेळात घाट आसावा, वळणं आसावीत आन समोरनं गाड्या याव्यात. नुसत्या मोकळ्या रस्त्यानं माझं भ्या जाणार न्हाई.

आता तू इचारलंस त्येचं. कार्ड टाकू नको. अजिबात टाकू नको. कार्ड म्हंजे उघडा कारभार. जे काय आसंल ते बंद आसू दे, चार पैसे जादा गेलं तरी चालत्याल, पर उघडं नको.

मांजर हाय. लीलाचं हाय. माज्याकडं बगून गुरगुरतं.

आक्काताईला माझा नमस्कार सांग. मी कसा इसरंन? त्या काळात मला सोप्यात न बसवता आत तुमच्या पंगतीला बसवून वाढणारी ती येकच बाई हुती. तुज्या वडलांनी तोंड फिरवलं हुतं, तरी तिनं भाकरीवर तूप घातलं. मोटा झाल्यावर कळलं की ती केवढी गोष्ट हुती.

तुजा
धोंडिराम

*

सांगली,
२८ डिसेंबर १९९८

धोंडिबा,

तुझा कॉम्प्युटर तयार झाला. द्राक्षाच्या खोक्यांचा टेम्पो पुसेसावळीला चाललाय, त्यातनं पाठवतोय. तिथून औंधला आणायची सोय तू कर. वर "काच आहे" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, तरी हमालाला बजाव.

तू सांगितल्याप्रमाणं कार्ड टाकलेलं नाही. माझं मन म्हणत होतं टाकावं, पण तू इतकं निक्षून लिहिलंस, आणि गाडी चालवणारा तू, तेव्हा म्हटलं याच्या मनासारखं होऊ दे. कार्डाचे पैसे वाचले ते प्रोसेसरमध्ये घातले, सेलेरॉनऐवजी पेंटियमच बसवलाय. उघडं नको म्हणालास म्हणून पेटीही चांगल्यातली, जाड पत्र्याची, मांजराचा बापही आत जाणार नाही. तीस हजारात बसवलं, वर येक रुपाया नाही.

खेळाची सीडी आत आहे. डोंगर आहे, घाट आहे, समोरनं गाड्या आहेत. चालू कसा करायचा ते वेगळ्या कागदावर लिहिलंय, प्रियंकाला दे, ती पोरं पटकन शिकतात.

आक्का म्हणते, धोंडिबाला जेवायला बोलाव. मागच्या खेपेला तू अंधार पडल्यावर उगवलास. आमच्याकडं दिवस मावळला की चूल बंद, हे तुला ठाऊक असून! तुला एकट्याला ताट वाढलं आणि आम्ही सगळे तुझ्या तोंडाकडं बघत बसलो. तिला ते अजून लागून राहिलंय. या बारीला दिवसाउजेडी ये. शाळेतल्यासारखं पुन्हा एका पंगतीला बसू. आणि येशील ते जीपनं ये, असं मी म्हणतोय, ती नव्हे.

तुझा
धन्यकुमार

*

औंध,
१७ जानेवारी १९९९

धन्यकुमार मगदूम यांस,

तुमचा कॉम्प्युटर घिऊन जावा.

असं लिवायला नको, पर लिवतो. पुसेसावळीसनं मशीन आणाय पंधरा दिस गेलं, आन आता चार दिस नीट झोप न्हाई. पैल्या दिवशी प्रियंकानं समदं जोडलं, मी दार लावून बसलो. रस्ता आला, डोंगर आला, लय बरं वाटलं. गाडी सुरू केली तर चित्र अडकत अडकत चालतंय. मी स्टेअरिंग फिरवतो, गाडी मागनं सावकाश फिरती. जरा येग घेतला की धाडकन थांबतंय. आन थांबतंय कवा? वळणावर. समोरची गाडी आंगावर आली की नेमकं तवाच चित्र ठप्प. ती गाडी तशीच माज्या तोंडापुढं हुबी. धन्या, त्या दिवशी शेतात जीप घालायच्या आदी मला अस्साच ट्रॅक्टर दिसला हुता. थांबल्यागत. त्योच मला तू तीस हजाराला इकलास.

आन ह्यो खेळ केला कुणी? येक बी गाडी आपल्या बाजूनं चालत न्हाई. मी डाव्या अंगानं नेटकं चाललोय आन झाडून समदी राँग साइडनं येत्यात! दुनियेत कुणाला कायदा ठाऊक न्हाई का?

हात आता नुसतं कीबोर्डावर ठेवलं तरी कापत्यात. कमिटीला सांगितलं, औंदा दुसरा डायवर बघा, माझी पाठ काय बरी हुईना.  इस्लामपूरच्या गिऱ्हाईकाला बी निरोप धाडतोय.

आन तुजं मला लय वाईट वाटलं. मशीन पाठवलंस आन तीन आठवडं येक ओळ न्हाई. कार्ड टाकू नको म्हणलं, तर पाकीट बी बंद केलंस व्हय? आमचा आकाराम पोस्टमन हरेक कार्ड वाचूनच दारात देतो, वर त्येच्यावर बोलत बी बसतो, म्हणून तसं लिवलं हुतं. तुला लागलं आसंल तर माफ कर. पर "कार्डाचे पैसे वाचले" म्हणून थट्टा करायची ही येळ न्हवती. चार आण्याच्या कार्डात कसला पेंटियम यितो?

धोंडिराम

*

सांगली,
२१ जानेवारी १९९९

अरे गाढवा! अरे माझ्या सोन्या! अरे धोंड्या!

तुझं पत्र वाचता वाचता शेवटच्या ओळीला आलो आणि दुकानात मोठ्यानं ओरडलो. गिऱ्हाईक पळायच्या बेतात होतं. आक्का धावत बाहेर आली, काय झालं म्हणून. मी हसत होतो का रडत होतो तिला कळेना. मलाही कळेना.

पोस्टकार्ड नव्हे रे! कॉम्प्युटरचं कार्ड! थ्रीडी कार्ड म्हणतात. हिरवी पट्टी असते, वीतभर, आत खोचायची. खेळातलं चित्र तेच पळवतं. बोर्डावर चित्रापुरती सोय असते म्हणून तुझा पडदा लागला, पण खेळ त्यावर रांगतो. म्हणून मी विचारलं होतं, कार्ड टाकू का. दिवसभर दुकानात हेच बोलत असतो रे, कार्ड टाकलं, कार्ड काढलं. तोंडात बसलंय. तू पोस्टमनाच्या भ्यानं "टाकू नको, उघडं नको, बंद असू दे" लिहिलंस. मी म्हटलं, याला कार्ड नको आणि पेटी बंद पाहिजे! दोघं एकाच बाकावर शिकलो त्याचं हे फळ.

चूक माझी. मशीन इथं नुसतं चालू करून बघितलं आणि खेळ लावून बघितला तो माझ्या मशीनवर, ज्यात कार्ड आहे. तुझ्या पेटीत लावून बघायला पाहिजे होता. माझ्या आळसानं तुझे चार दिवस असे गेले याचं मला फार वाईट वाटतंय.

या पत्राबरोबर पार्सल आहे. आत कार्ड आहे. माझ्या स्वतःच्या मशीनमधलं काढलंय, नवं मुंबईहून यायला आठवडा लागला असता. कसं बसवायचं ते प्रियंकाला चित्र काढून दिलंय. वीज बंद करायची, आधी पेटीच्या पत्र्याला हात लावायचा, मग कार्ड कडेला धरून खोचायचं. तुझं बजेटही मोडू देणार नाही. येशील तेव्हा पेटी घेऊन ये, पेंटियम काढून ठरलेला सेलेरॉन बसवतो, तीसचे तीसच राहतील. पेटी जीपमध्ये घालून आण. एसटीत हादरे बसतात.

आणि ती राँग साइड. ज्या देशात तो खेळ बनला तिथं सगळे उजवीकडनं गाड्या चालवतात. त्यांच्या हिशेबानं राँग साइडनं तूच चालला होतास! आता उजव्या अंगानं चालव, म्हणजे कोणी अंगावर येणार नाही.

इस्लामपूरला निरोप गेला असला तर मागं घे. आजच.

तुझा
धन्या

*

औंध,
२५ फेब्रुवारी १९९९

आदरणीय धन्यकुमार काकांना प्रियंकाचा जयभीम.

आईनं लिहायला सांगितलं म्हणून लिहितेय. घरात पाकीट नव्हतं, दोन कार्डं सापडली, ती दोन्ही टाकतेय. हे पहिलं. बाबांना कळवू नका.

काका, आम्हाला सगळं माहीत आहे. बाबांना वाटतं आम्हाला माहीत नाही. पाठ दुखणाऱ्या माणसानं टेम्पोतनं तो मॉनिटर एकट्यानं खांद्यावर आणला हो! आई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. पण तिला आधीपासूनच कळलं होतं. एसटीत बसले की बाबांचा उजवा पाय ब्रेक दाबतो, समोरनं काही आलं की. आई शेजारी बसून बघते. आणि अभ्यासाच्या कॉम्प्युटरला स्टेअरिंग कशाला, हे मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, नव्या अभ्यासक्रमात आहे!

तुमच्या चित्राप्रमाणं कार्ड मी बसवलं. पहिल्यांदा बसेना, मग थोडा जोर दिल्यावर कट् करून बसलं. माझा जीव गेला होता, पण चालू केल्यावर रस्ता असा पळाला की मी आणि आई दोघी ओरडलो.

(कार्ड दुसरं.)

बाबांना मीही सांगून बघितलं, उजवीकडनं चालवा. बाबा म्हणाले, "फौजेत बावीस वर्सं डावी बाजू सोडली न्हाई, आता कुणा परदेशी माणसाच्या खेळापायी सोडू व्हय?" त्यामुळं सगळ्या गाड्या त्यांच्या अंगावरच येतात. पहिले काही दिवस धडकून धडकून घामानं भिजून बाहेर यायचे. मला वाटलं बंद करावं, पण आई म्हणाली, थांब. मग हळूहळू ते बाजू काढायला शिकले. ब्रेक कधी, स्टेअरिंग किती, सगळं तोंडानं बोलत चालवतात. परवा समोरनं मोठा ट्रक आला, बाबांनी सावकाश बाजूनं काढला आणि त्याला अशी सणसणीत शिवी दिली की मांजर उठून गेलं. आई चुलीपुढं हसायला लागली. गेल्या मार्चनंतर बाबांनी कुणाला शिवी दिलेलीच नव्हती, काका.

जीप मात्र अजून केरबाच चालवतो. बाबा तिच्याजवळनं जाताना हात लावतात आणि पुढं जातात. चौदा एप्रिलचं काय होईल कळत नाही.

तुमची
प्रियंका

*

सांगली,
३० मार्च १९९९

धोंडिबा,

या बारीला मुद्दाम कार्ड टाकतोय, आकाराम पोस्टमनला वाचायला काहीतरी हवं. आकारामभाऊ, नमस्कार. आक्काताई विचारते, जेवायला कधी येताय? दिवस मावळायच्या आत. पेटी घेऊन.

धन्या

*

कुंडल,
१८ एप्रिल १९९९

धन्या, जयभीम.

वर कुंडल लिवलंय ते बरुबर हाय. पत्ता चुकलेला न्हाई. फुडं कळंल.

चौदा तारखेचं आदी सांगतो. सकाळी आंघुळ करून पांढरी कापडं घालून निळा फेटा बांधला आन आपला मिरवणुकीत चालत जायचं म्हणून निघालो. चौकात बगतो तर जीप सजवलेली, बोनेटवर हार, वर फोटो, ढोल तयार. आन डायवरचं शीट रिकामं. चावी तिथंच. केरबाचा पत्ता न्हाई. मी म्हणलं, आरं, डायवर कुटं हाय?  समदी माज्याकडं बगत हुबी. मला वाटलं धरणी फाटावी.

तवा आकाराम पोस्टमन फुडं आला. म्हणला, "आवं दादा, बसा की. केरबाला आमीच आज सुट्टी दिलीया. आमी दुसरा डायवर बगितलाच न्हाई."

मी म्हणलं, "आरं, पाठ..."

तर ह्यो म्हणतो, "दादा, पाठीचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या प्रियंकानं सांगलीला कार्डं टाकली हुती, ती मी वाचल्यात."

धन्या, म्हंजे समद्या गावाला ठाऊक हुतं! दोन म्हैनं! माळावरच्या मेंढरं राखणाऱ्या धुळ्याला सुदीक! आन कुणी हसलं न्हाई रं. येकानं सुदीक तोंडावर काय दाखवलं न्हाई. मी ज्येला भिऊन तुला आंतरदेशीय चिकटवून चिकटवून पाठवत हुतो, ते समदं चौकात उघडं पडलं, आन मला कसं वाटलं सांगू? डोक्यावरचं पोतं कुणी तरी उतरून घेतल्यागत. मी तिथंच बोनेटला धरून रडलो. लाज वाटली न्हाई.

मग बसलो. चावी फिरवली. हात कापला, खोटं कशाला बोलू. पर म्हणलं, खेळात रोज एवढी आंगावर येत्यात, ही तर आपलीच माणसं. पैला गिअर टाकला. डावा पाय आपसूक क्लचवर गेला, त्येला काय सांगाय लागलं न्हाई. ढोल वाजला, पोरी नाचाय लागल्या, आन आमी माणसाच्या चालीनं निघालो. यमाईच्या डोंगराखालनं गावाला फेरी घालून आलो. बाबासायबांचा फोटो जरा सुदीक हलला न्हाई. लीला डाव्या अंगाला चालत हुती. येकदा माज्याकडं बगून म्हणली, "आवं, पाठ बरी हाय न्हवं?" आन हसली ती हसलीच.

आज दुपारी मी लीलाला म्हणलं, सांगलीला जायचं. ती म्हणली, केरबाला बलवू? मी म्हणलं, कशाला? आन पेटी मागच्या शिटावर घोंगडीत गुंडाळून निघालो. पुसेसावळीच्या फुडं मोकळा रस्ता हुता. वांगीच्या अलीकडं वळणावर कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर आला. कुटनं? राँग साइडनं. सरळ आंगावर. मी हॉर्न दिला, येग कमी केला, बाजू काढली, जीप कडंला घेतली, त्यो घासून गेला. मी त्येला शिवी दिली. लीलानं बी दिली! जल्मात पैल्यांदा! मग थोडं फुडं जाऊन लिंबाखाली थांबलो. हात थरथरत हुतं, ते लपवलं न्हाई. लीलानं पाणी दिलं, मी प्यालो, जरा बसलो, आन परत निघालो. एवढंच झालं. म्हैनं म्हैनं ज्येला भ्यालो, ते एवढंच निघालं.

आता कुंडलात आपल्या शाळंसमोर जीप लावून ह्ये लिवतोय. बोनेटवर कागद ठेवलाय म्हणून अक्षर वाकडं आलंय. लीला म्हणती, आता दोन तासात भेटणारच हायसा तर पत्र कशाला? तिला सांगितलं, त्येच्या शेवटच्या कार्डाला उत्तर द्यायचं ऱ्हायलंय. जीप इकायची न्हाई. खेळ बी बंद करणार न्हाई, राँग साइडवाल्यांची सवय ऱ्हायला पायजे.

ह्ये पत्र पोस्टात टाकलेलं न्हाई. चिकटवलेलं बी न्हाई. तुज्या हातात ह्ये ज्या माणसानं दिलंय, त्येच्याकडं नीट बग. तीच जीप तुज्या दुकानासमोर हुबी हाय आन मी तिच्या डायवरच्या बाजूनं उतरलोय. पेटी मागनं काढू. आदी आत जा आन आक्काताईला सांग, धोंडिबा आलाय, पान वाढ. समद्यांची येकदम वाढ.

दिवस अजून कासराभर वर हाय.

तुजा
धोंडिराम